ओट्यावरची चोरी कशी मोडायची

पुण्यातल्या फ्लॅटमधला ओटा साधारण पावणेतीन फूट उंच असतो. मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या लॅब्रेडॉरला पोळ्यांचा डबा गाठायला तेवढं पुरतं. यात सूड नाही आणि आगाऊपणाही नाही. लॅब्रेडॉर मुळातच खादाड. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं, की या जातीतल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांत भूक आवरणाऱ्या पीओएमसी जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि अशी कुत्री खाण्याच्या जास्तच मागे असतात. पण गावठी कुत्रंही ओटा धुंडाळतंच, कारण ओटा मधूनमधून फळतो.

सगळी मेख या ‘मधूनमधून’मध्ये आहे. दरवेळी मिळणारं बक्षीस बंद झालं की सवय लवकर सुटते. कधीतरीच मिळणारं बक्षीस मात्र सवय चिवट करतं. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस थांबत नाही, तसं. त्यामुळे सहा दिवस ओटा लख्ख आणि रविवारी मटणाचं पातेलं उघडं, ही सर्वांत वाईट शिस्त. शिकवणीच्या काळात ओट्यावर साईचा थेंबसुद्धा राहता कामा नये. ते जमत नसेल तर स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं फाटक लावावं.

ओटा रिकामा राहू लागला की पहिले काही दिवस उड्या वाढतात, फडकी ओढली जातात. हे अपेक्षितच आहे. नेमक्या याच वेळी कंटाळून एक तुकडा टाकला, तर ‘अजून जोर लावला की मिळतं’ एवढंच कुत्रं शिकतं.

ओरडून काय होतं? कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या 2009 च्या प्रयोगात कुत्र्याचा ‘अपराधी चेहरा’ त्याने खाल्लं की नाही यावर ठरत नव्हता, मालक रागावला की नाही यावर ठरत होता. याच विषयातल्या ज्युलियाने कामिन्स्की यांच्या 2013 च्या प्रयोगात मनाई केलेला खाऊ कुत्र्यांनी अंधारात जास्त पळवला. म्हणजे रागावून शिकवलेला नियम तुमच्या नजरेपुरताच टिकतो.

त्यापेक्षा ओटा कधीच फळत नाही आणि चटई नेहमी फळते, असं गणित बसवावं. ओट्यापासून पाच-सहा फुटांवर चटई टाका. तिच्यावर चारही पाय आले की लगेच, सेकंदाभरात, हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा चटईवरच ठेवा. हातातून नको आणि ओट्यावरून तर काकडीची सालही नको. दोन सेकंद थांबला की खाऊ, मग पाच, दहा, वीस. लागोपाठ दोनदा उठला तर वेळ निम्मी करा. एका वेळी तीन ते पाच मिनिटांचा सराव पुरे. आधी ओटा रिकामा, मग पोळ्या लाटताना, चिकन कापताना अगदी शेवटी. त्यानंतर एक पाऊल दाराबाहेर टाकून परत येण्याचा सराव. घाईत हाच भाग सुटतो आणि पाठ वळली की चोरी होते. खाऊ दिवसाच्या आहाराच्या दहा टक्क्यांत बसवा आणि तेवढं जेवण कमी करा.

ओट्याच्या कडेला डबे रचून ते अंगावर पाडण्याचा सल्ला सर्रास मिळतो. भित्रं कुत्रं त्याने स्वयंपाकघरालाच घाबरतं, धीट कुत्रं डबे चुकवायला शिकतं. पळवलेली वस्तू तोंडात असेल तर पाठलाग करू नका, त्याला तो खेळ वाटतो आणि ते घाईने गिळतं. तिच्याहून चांगला खाऊ दाखवून अदलाबदल करा.

काही पदार्थांना मात्र शिकवणीची वाट पाहता येत नाही. कांदा-लसणाने तांबड्या रक्तपेशी फुटतात, शिऱ्यातल्या किंवा फराळाच्या चिवड्यातल्या बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं च्युइंगम हेही विषारीच. शिजवलेलं हाड मोडून टोकदार होतं. असं काही पोटात गेलं तर लक्षणं दिसेपर्यंत थांबू नका. किती खाल्लं असावं याचा अंदाज आणि कुत्र्याचं वजन सांगून पशुवैद्यांना लगेच फोन करा. उलटीसाठी मिठाचं पाणी पाजू नका, मिठाचीच विषबाधा होते.