ओला कचरा आणि मिथेनचे गणित

इंदूरच्या रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर अशा मराठी वस्त्यांत ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय आता अंगवळणी पडली आहे. तरीही भाजीची देठे, फळांच्या साली आणि शिळे अन्न यांची शेवटी मातीच होते, तेव्हा ते कुठेही टाकले तरी बिघडत नाही, ही समजूत सुशिक्षित घरांतही आढळते. ती अर्धीच खरी आहे, कारण कुजण्याच्या जागी हवा आहे की नाही यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

हवा खेळती असेल तर जीवाणू आणि बुरशी अन्नातील कार्बनचा ऑक्सिजनशी संयोग घडवतात व कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा कार्बन वनस्पतीने काही महिन्यांपूर्वी हवेतूनच घेतलेला असल्यामुळे हवेत नवी भर पडत नाही. कचऱ्याच्या डोंगराच्या पोटात मात्र ऑक्सिजन लवकर संपतो आणि विनॉक्सी, म्हणजे ऑक्सिजनविना जगणाऱ्या, सूक्ष्मजीवांची साखळी कामाला लागते. पहिला गट पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचे लहान रेणू करतो, दुसरा त्यांची आम्ले बनवतो, तिसरा त्या आम्लांपासून ॲसिटिक आम्ल व हायड्रोजन तयार करतो आणि अखेरीस आर्किया या प्राचीन कुळातील सूक्ष्मजीव त्यांतून मिथेन निर्माण करतात.

या शेवटच्या पायरीचा परिणाम ग्लुकोजच्या हिशेबाने नेमका दिसतो. १८० ग्रॅम ग्लुकोज हवेत पूर्ण कुजले तर २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. हवेविना कुजले तर १३२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ४८ ग्रॅम मिथेन. दोन्हीकडे कार्बनचे अणू तितकेच आहेत, परंतु शंभर वर्षांचा काळ धरला तर जैविक मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत वजनास वजन सुमारे २७ पट उष्णता अडवतो, म्हणून ४८ ग्रॅम मिथेन जवळजवळ १,३०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा ठरतो. एकूण परिणाम पाचपटीहून अधिक होतो. मिथेन हवेत साधारण बारा वर्षेच टिकत असल्याने वीस वर्षांच्या हिशेबात तो सुमारे ८० पट भारी पडतो, आणि म्हणूनच त्याला आवर घातल्याचा लाभ आपल्याच हयातीत दिसू शकतो.

इंदूरमधील देवगुराडिया येथील बायो-सीएनजी प्रकल्प, ज्याचे उद्घाटन फेब्रुवारी २०२२ मध्ये झाले, याच साखळीला बंद टाकीत राबवतो. दररोज ५५० टन ओला कचरा पचवण्याची त्याची क्षमता आहे. तयार झालेला वायू शुद्ध करून वाहनांत जाळला की मिथेनचा पुन्हा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तेवढे खनिज इंधन वाचते. हे साधते ते घरातच नीट वेगळ्या केलेल्या कचऱ्यामुळे. पिशव्या आणि काचा मिसळल्या की यंत्रे अडतात.

गणेशोत्सवातील निर्माल्य वाहत्या पाण्यातच सोडले पाहिजे, नाही तर दोष लागतो, हा समज येथेच तपासून पाहावा. पाण्यात ते कुजताना विरघळलेला ऑक्सिजन संपवते आणि तळाच्या गाळात पुन्हा मिथेनच तयार होतो. तेच निर्माल्य वाळलेला पाला किंवा नारळाच्या शेंड्या मिसळून, अधूनमधून वरखाली करत कुजवले, तर त्याचे खत होते. त्या ढिगाला आंबूस किंवा सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला, तर आत हवा पोचत नाही असे समजावे. मिथेनला स्वतःला वास नसतो. तो वास आम्लांचा आणि हायड्रोजन सल्फाइडचा असतो.

सुक्या कचऱ्यातही बचत आहे: ॲल्युमिनियम खनिजापासून काढण्याऐवजी जुने वितळवून वापरले तर सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. परंतु सर्वांत मोठा लाभ अन्न वाया न घालवण्यात आहे, कारण जगातील हरितगृह वायूंपैकी ८ ते १० टक्के वायू न खाल्लेल्या अन्नाशी निगडित आहेत. पोळी टाकून दिली की तिच्यामागचे खत, पंपाची वीज, वाहतुकीचे डिझेल आणि स्वयंपाकाचा गॅस हे सारे आधीच खर्च झालेले असते, आणि देवगुराडियाची टाकी त्यांपैकी फारच थोडे परत मिळवून देऊ शकते.