कालचं वेड आज का उतरतं?

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला आलेल्या मामांनी यंदा पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आधीच मला गाठलं. "तुला ऑटिझम आहे म्हणतीस, पण मी व्हिडिओत बघितलंय गं, ती माणसं जन्मभर एकाच गोष्टीला चिकटून असतात. रेल्वे म्हणजे रेल्वेच. तुझं तर दर वर्षाला नवं खूळ. ही धरसोड झाली, ऑटिझम कसला?" उत्तर लांबलचक होतं आणि पानं वाढलेली होती, म्हणून ते इथं लिहिते.

ऑटिझमबद्दलचा, म्हणजे स्वमग्नतेबद्दलचा, हा गैरसमज जुना आहे. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९४३ साली ऑटिझम असलेल्या ११ मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. सगळं जसंच्या तसं राहावं हा त्या मुलांचा हट्ट त्यात ठळकपणे आला होता, आणि ऑटिझम म्हणजे काहीच न बदलणं हे चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. निदानासाठी वापरली जाणारी अमेरिकन पुस्तिका डीएसएम-५ (२०१३) आवडींविषयी बोलते ती त्यांच्या तीव्रतेबद्दल आणि अरुंदपणाबद्दल. आवड किती वर्षं टिकली पाहिजे, अशी अट तिथं नाही. कुणाची चाळीस वर्षं टिकते, कुणाची पुढच्या अमावस्येपर्यंतही नाही. पण असते तेवढे दिवस ती जेवणखाण विसरायला लावते. याच पुस्तिकेच्या आधीच्या आवृत्तीत ऑटिझम असेल तर एडीएचडीचं (लक्ष एका जागी टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं ती अवस्था) निदान करायचं नाही, असा नियम होता. २०१३ला तो गेला. दोन्ही असलेली माणसं भरपूर आहेत, आणि नव्याची ओढ एडीएचडीत पुष्कळदा असते.

मध्यंतरी मला जकार्डच्या पुठ्ठ्यांनी झपाटलं होतं. चादरीवरची नक्षी ज्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांतून येते, ते पुठ्ठे. गावातल्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, एका भंगारवाल्याकडं दोऱ्यानं ओवलेली अख्खी माळ मिळाली. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ; भोक असेल तिथं उभा धागा उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. मी एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. घरी आले की आलेखाच्या कागदावर एकेक पुठ्ठा चौकटीत भरत बसायचे. हळूहळू पाकळी दिसायला लागली. आई जेवायला हाका मारून दमायची. मग फुलाचा मध्य आला आणि तिथून नक्षी उलट्या क्रमानं फिरली. आता पुढच्या पुठ्ठ्यावर काय आहे हे न बघता सांगता येत होतं. काही चौकटी अंदाजानं भरल्या, पडताळल्या, सगळ्या बरोबर. त्या रात्री कागद गुंडाळला तो पुन्हा उलगडलाच नाही.

उत्तरं बरोबर यायला लागली आणि मजा गेली! हे उलटं वाटतं, पण मेंदूच्या हिशेबात ते सरळ आहे.

डोपामिन या मेंदूतल्या रसायनाला वर्तमानपत्रं 'आनंदाचं रसायन' म्हणतात. वुल्फ्रम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचे विद्युत संकेत मोजले तेव्हा वेगळंच दिसलं. माकडाला एक खूण दाखवायची, समजा दिवा, आणि मग रसाचा थेंब द्यायचा. सुरुवातीला रस मिळाला की पेशी जोरात संकेत द्यायच्या. दिव्यानंतर रस येतो हे माकड शिकलं, तशा त्या दिव्यालाच संकेत देऊ लागल्या आणि रसाच्या वेळी शांत राहिल्या. दिवा लावून रस दिलाच नाही, तर रस यायच्या नेमक्या क्षणी संकेत नेहमीच्या पातळीच्याही खाली जायचे. १९९७ साली शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांनी 'सायन्स' या शोधपत्रिकेत मांडलं की या पेशी फरक मोजतात: मिळालं ते, वजा अपेक्षित होतं ते. संगणकानं अनुभवातून शिकावं म्हणून रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी विकसित केलेल्या गणितात हाच फरक असतो. पूर्ण सूत्र असं: आत्ता मिळालेलं बक्षीस, अधिक गॅमा गुणिले पुढच्या स्थितीचं अपेक्षित मूल्य, वजा आत्ताच्या स्थितीचं अपेक्षित मूल्य. गॅमा हा शून्य आणि एकच्या मधला आकडा. उद्याचा रुपया आज किती पैशांना धरायचा, ते तो सांगतो. हे डोक्यावरून गेलं तरी चालेल, मला मात्र ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पण पुठ्ठे वाचून मला कुठला रस मिळत होता? इथं कुतूहलाचं गणित येतं. अंदाज चुकला की बक्षीस, असा नियम यंत्राला घातला आणि त्याला मुंग्या आलेल्या टीव्हीसमोर ठेवलं, तर ते तिथून हलणारच नाही, कारण मुंग्यांचा अंदाज कधीच येत नाही. १९९१ साली युर्गन श्मिडह्युबर यांनी यावर उपाय सुचवला: बक्षीस चुकीला द्यायचं नाही, चूक किती वेगानं कमी होतेय त्याला द्यायचं. म्हणजे जे पूर्ण येतं त्यात बक्षीस शून्य, जे कधीच येणार नाही त्यातही शून्य. सुधारणा चालू असेल तेवढाच पट्टा गोड.

पॅरिसमधल्या सोनीच्या प्रयोगशाळेत पिएर-इव्ह उदेयेर, फ्रेडरिक काप्लान आणि वेरेना हाफनर यांनी हे आयबो नावाच्या यंत्रकुत्र्यात घालून बघितलं. त्यांचा शोधनिबंध २००७चा. लहान मुलांच्या खेळायच्या चटईवर कुत्रा ठेवला. जवळ चावता येईल अशी एक वस्तू, पंजा मारता येईल अशी दुसरी, आणि समोर आवाजाला प्रतिसाद देणारा दुसरा रोबो. काय करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. आधी तो नुसताच अंग हलवत राहिला. मग चावणं, पंजा मारणं यांत रमला. त्यातली सुधारणा थांबली की तिथून उठला, आणि पुढं दुसऱ्या रोबोशी आवाज काढत बसला. कशातून कधी उठायचं, हे त्याचं त्यानं ठरवलं. त्याला कुणी धरसोड्या म्हटलं नाही, उलट निबंध छापला!

ऑटिझमशी जोड लागते ती २००५ साली डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी मांडलेल्या 'मोनोट्रॉपिझम'च्या कल्पनेतून. तिच्यानुसार ऑटिस्टिक माणसाचं लक्ष एका वेळी थोड्याच वाटांनी, पण पूर्ण जोरानं वाहतं. पुढचा तर्क माझा: सगळं लक्ष एकीकडं लागलं की शिकणंही भरभर होतं, आणि तो गोड पट्टा इतरांपेक्षा लवकर संपतो. मामांच्या व्हिडिओतला रेल्वेवाला मात्र कदाचित वेगळ्या कारणानं टिकून असेल. गाडी रोज ठरल्या वेळी येते, याचाच कित्येकांना आधार वाटतो. तिथं नवं शिकायची गरजच नसते.

वेड उतरल्यावर जो खड्डा पडतो, त्याबद्दल कुणी बोलत नाही. माकडाचा न मिळालेला रस आठवा. काल जिथं मजा होती तोच कागद आज मजेच्या अपेक्षेनं उघडायचा आणि ती न येणं, हे मुळात काही नसण्यापेक्षा वाईट लागतं. म्हणून मी उतरलेल्या आवडीला बळंच धरून बसत नाही. दूर राहिलं की अपेक्षाही उतरते, आणि पुष्कळदा वर्षा-दोन वर्षांनी तीच आवड परत येते. तेव्हासाठी सामान विकायचं नाही. खोक्यात घालताना वर एक चिठ्ठी: कुठं थांबले आणि कुठला प्रश्न उरला. पुठ्ठ्यांच्या खोक्यावर लिहिलंय, 'दोन रंगांचे आडवे धागे असतील तर पुठ्ठ्यांचा क्रम कसा?' उरलेला प्रश्न म्हणजे पुढचा पट्टा. पहिल्या भरात महागडी वस्तू घ्यायची नाही, कुणाला शब्द द्यायचा नाही. इथं जवळच नान्नजच्या अभयारण्यात माळढोक पक्षी बघायचं खूळ लागलं तेव्हा दुर्बीण मागून आणली होती, ते बरं केलं. पालकांनी क्लासची वर्षाची फी एकदम भरू नये, आणि 'अभ्यास केलास तरच तुझं ते चित्रांचं पुस्तक' असा सौदा तर करूच नये. आवड हा त्या मुलाचा विसावा असतो.

बाकी माझ्या चंचलपणावर चंद्राचा खडा सुचवून झालाय, अंगाराही लावून झालाय. ते सुचवणाऱ्यांचं एक वेळ समजतं. पण 'डोपामिन डिटॉक्स'चे, म्हणजे अंगातलं डोपामिन 'साफ' करायचे, कोर्स विकणारे विज्ञानाची भाषा बोलून पैसे काढतात. डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरू लागल्या की पार्किन्सन्स होतो. ते काही धुऊन काढायचं विष नाही. ऑटिझम बरा करतो म्हणून स्टेम सेलची (मूळपेशींची) इंजेक्शनं विकणाऱ्यांकडंही पुरावा नाही.

एक फरक मात्र ओळखायला हवा. एक आवड जाऊन दुसरी येईपर्यंतचा रिकामा काळ वेगळा. सगळ्याच गोष्टींतला रस गेला, झोप आणि भूक बिघडली आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर ते नैराश्य असू शकतं. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाला गाठावं. लगेच जाणं जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा फुकट नंबर आहे, तिथं मराठीत बोलता येतं.