छत्री लहान कशी झाली

जुलै १९६२ मध्ये टेलस्टार उपग्रह अवकाशात गेला, तेव्हा त्याचा सिग्नल झेलायला इंग्लंडमधल्या गूनहिली इथे २६ मीटर व्यासाची, हजार टनांहून जड अँटेना उभी होती. हा सगळा डोलारा सतत फिरवत ठेवावा लागे. टेलस्टार अडीच तासांच्या आसपास पृथ्वीला एक फेरी मारायचा आणि अटलांटिकच्या दोन्ही काठांवरून एकाच वेळी दिसायचा तो जेमतेम वीस मिनिटं. आज गच्चीवरची ६० सेंटिमीटरची पत्र्याची डिश एका जागी खिळून शेकडो चॅनेल देते. एवढा फरक पडला कसा, असं विचारलं की बहुतेक जण वर उपग्रहाकडे बोट दाखवतात. आमच्या मते निम्म्याहून अधिक श्रेय डिशच्या दांडीवरच्या मुठीएवढ्या डबीचं, म्हणजे क्षीण सिग्नल झेलून वाढवणाऱ्या एलएनबीचं आहे.

डिश खिळून ठेवता येते ती भूस्थिर कक्षेमुळे. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्याच वेगाने वळतो, म्हणून जमिनीवरून तो जागचा हलत नाही. तिथून दूरसंचार करता येईल हे आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्ये मांडलं होतं; १९६४ मध्ये सिनकॉम-३ प्रत्यक्ष तिथे जाऊन बसला. पाठलाग थांबला, पण अंतराची किंमत मोजावी लागली. आकाश निरभ्र असताना ६० सेंटिमीटरच्या डिशवर एका ट्रान्सपॉन्डरची, म्हणजे सिग्नल घेऊन खाली परत पाठवणाऱ्या उपग्रहातल्या एका संचाची, साधारण दीड पिकोवॅट शक्ती पडते. एका वॅटचे दहा लाख भाग करायचे, त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख करायचे, आणि त्यातले दीड घ्यायचे. एवढ्यावर चित्र उमटवायचं आहे.

पहिला मोठा प्रयोग भारतात झाला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांना थेट कार्यक्रम दाखवले गेले. या ‘साइट’ प्रयोगात खेड्यातली अँटेना होती तीन मीटरची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. जाळी कशी काय चालली? सिग्नल होता ८६० मेगाहर्ट्झवर, म्हणजे तरंगलांबी ३५ सेंटिमीटर. जाळीची भोकं त्या मानाने इतकी बारीक की लहरीला ती अखंड पत्र्यासारखीच वाटतात. हीच जाळी आजच्या १२ गिगाहर्ट्झच्या सिग्नलपुढे धरली, तर अडीच सेंटिमीटरची लहर भोकांतून बरीचशी निसटून जाईल. अँटेना इतकी साधी ठेवता आली, कारण भार उपग्रहाने उचलला होता. त्याची स्वतःची अँटेना नऊ मीटरची होती आणि अवकाशात गेल्यावर छत्रीसारखी उघडली होती. १९७६ मध्ये सोव्हिएत संघाने एक्रान उपग्रहावरून ७१४ मेगाहर्ट्झवर सायबेरियासाठी अशीच सेवा सुरू केली. पण हे दोन्ही पट्टे जमिनीवरच्या टीव्ही प्रक्षेपणाच्या गल्लीतले. दाट वस्तीत ते वापरले असते तर एकमेकांच्या पायात पाय आले असते.

त्याच वर्षी स्टॅनफर्डचे प्राध्यापक टेलर हॉवर्ड यांनी घराच्या अंगणात डिश उभारून केबल कंपन्यांसाठी सोडलेले ४ गिगाहर्ट्झचे सिग्नल पकडले. बघितल्याचे पैसे म्हणून त्यांनी वाहिनीला शंभर डॉलरचा चेक पाठवला, वाहिनीने तो परत केला. अशी अंगणातली डिश तीन मीटरची किंवा त्याहून मोठी असे. फुकट बघणाऱ्यांना आळा घालायला १९८६ मध्ये अमेरिकेत सिग्नल कुलूपबंद होऊ लागले, आणि आजच्या स्मार्टकार्डाचा वंश तिथून सुरू झाला.

१९७७ मध्ये जिनिव्हात जागतिक परिषद भरली आणि युरोप, आफ्रिका, आशियातल्या देशांना १२ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा वाटून दिल्या गेल्या, साधारणपणे प्रत्येकी पाच चॅनेल. हिशेब त्या काळच्या रिसीव्हरवर बेतलेला होता. रिसीव्हर फार गोंगाट करतो, तेव्हा उपग्रहानेच जोरात ओरडावं, हे गृहीत. म्हणून एका चॅनेलमागे दोनशे वॅटच्या वरचे ॲम्प्लिफायर उपग्रहात घालायचं ठरलं. कागदावर हे बिनचूक होतं, अवकाशात मात्र एवढी उष्णता आणि इतकं उच्च व्होल्टेज सांभाळणं जड गेलं. जपानचा बीएस-२ए जानेवारी १९८४ मध्ये गेला आणि त्याच्या तीनपैकी दोन ट्रान्सपॉन्डरनी लवकरच राम म्हटला. जर्मनीचा टीव्ही-सॅट-१ नोव्हेंबर १९८७ मध्ये गेला, पण त्याचा एक सौर पंखा उघडलाच नाही, आणि मिटलेल्या पंख्याने सिग्नल घेणाऱ्या अँटेनेची वाटच अडवली. त्यावरचे ॲम्प्लिफायर २३० वॅटचे होते.

डिसेंबर १९८८ मध्ये ॲस्ट्रा-१ए हा उपग्रह गेला तो फक्त ४५ वॅटचे ॲम्प्लिफायर घेऊन. चॅनेल मात्र सोळा, आणि तरीही पश्चिम युरोपच्या मोठ्या भागात ६० सेंटिमीटरची डिश पुरली. पाचपट कमी शक्तीवर काम कसं भागलं? मधल्या दहा वर्षांत गोंगाट बसला होता.

हा गोंगाट म्हणजे काय? शून्य केल्व्हिनच्या वर असलेली कुठलीही वस्तू रेडिओ लहरी सोडते, ॲम्प्लिफायरच्या आतले इलेक्ट्रॉनही. म्हणून अभियंते गोंगाट थेट तापमानात मोजतात. ४ डेसिबल नॉइज फिगरचा (म्हणजे स्वतःच्या गोंगाटाच्या मापाचा) एलएनबी म्हणजे सुमारे ४४० केल्व्हिनचा गोंगाट, आजचा ०.७ डेसिबलचा साधा एलएनबी म्हणजे ५० केल्व्हिन. ही घसरण शक्य झाली हेम्ट नावाच्या ट्रान्झिस्टरमुळे. जपानच्या ताकाशी मिमुरा यांनी तो १९७९ च्या सुमारास सुचवला. साध्या ट्रान्झिस्टरमध्ये इलेक्ट्रॉन पुरवणारे अशुद्धीचे अणू त्यांच्याच वाटेत उभे असतात, आणि त्यांना धडकत जाताना गोंगाट होतो. हेम्टमध्ये इलेक्ट्रॉन येतात एका थरातून आणि धावतात शेजारच्या शुद्ध गॅलियम आर्सेनाइडच्या थरातून. रस्ता मोकळा, धडका कमी. हा ट्रान्झिस्टर आधी जपानमधल्या नोबेयामाच्या रेडिओ दुर्बिणीत बसला, मग घरोघरच्या डिशवर.

पुढची उडी आकड्यांची. जून १९९४ मध्ये अमेरिकेत डिरेकटीव्हीची डिजिटल सेवा ४५ सेंटिमीटरच्या डिशवर सुरू झाली, आणि युरोपात उपग्रहावरच्या डिजिटल टीव्हीसाठी डीव्हीबी-एस हे मानक ठरलं. ३६ मेगाहर्ट्झच्या ट्रान्सपॉन्डरवरून सेकंदाला २.७५ कोटी चिन्हं, प्रत्येक चिन्हात दोन बिट. दुरुस्तीचे बिट वजा जाता हातात सुमारे ३८ मेगाबिट उरतात. जिथे एक ॲनालॉग चॅनेल मावत होतं तिथे आठ-दहा बसू लागली. ही दुरुस्तीची व्यवस्थाच पावसात चित्र कसं जाणार हे ठरवते. प्रत्येक १८८ बाइटमागे १६ बाइट पहारेकरी असतात आणि आठ बाइटपर्यंतची चूक ते बिनबोभाट निस्तरतात. नववी झाली की हात टेकतात. ॲनालॉग चित्रात आधी ठिपके पडत, मग मुंग्या येत. डिजिटल चित्र शेवटच्या क्षणापर्यंत लखलखीत असतं आणि मग एकदम गोठतं.

पाऊस मारतो दोन्ही अंगांनी, आणि यातली दुसरी मार फारशी कुणाला ठाऊक नसते. थेंबांनी सिग्नल निम्मा शोषला, म्हणजे तीन डेसिबलचं नुकसान झालं, असं धरू. पण शोषणारा पाऊस स्वतः २७० केल्व्हिनच्या आसपास गरम असतो. एरवी डिश थंड आकाशाकडे बघत असते. एलएनबी धरून एकूण गोंगाट असतो शंभर केल्व्हिनच्या घरात. पावसाचे सुमारे १३५ त्यात मिळाले की तो दुपटीच्या वर जातो. सिग्नल निम्मा आणि गोंगाट दुपटीहून जास्त, म्हणजे प्रत्यक्ष फटका तीन नव्हे, साडेसहा डेसिबलचा. शांत एलएनबीला पावसाचा हा दुसरा मार उलट जास्त जाणवतो. चांगल्या गोष्टीची एवढी किंमत द्यावीच लागते.

आता डिश बसवण्याकडे. ६० सेंटिमीटरच्या डिशचा झोत सुमारे तीन अंश रुंद असतो. दोन अंश चुकलं तर सिग्नल पावपट उरतो. म्हणून पहिलं काम ओळंबा. खांब तिरका असेल तर कोनाच्या पट्टीवरचे आकडे खोटे ठरतात आणि डिश डावी-उजवीकडे फिरवताना वर-खालीही सरकते. होकायंत्र लोखंडी खांबाजवळ धरू नका, दोन-तीन मीटर लांब उभे राहा. डिश क्षितिजाकडे बघतेय असं वाटलं तरी घाबरू नका. या ऑफसेट डिश असतात, त्यांची खरी नजर तोंडापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असते. त्यामुळे एलएनबीची सावली डिशवर पडत नाही आणि पाणीही साचत नाही.

सिग्नल सापडला की तिथेच नट आवळण्याचा मोह आवरा. डिश एका बाजूला सरकवत न्या आणि सेट-टॉप बॉक्स टीव्हीवर दाखवतो तो सिग्नलच्या गुणवत्तेचा आकडा ठरावीक पातळीला उतरला की खूण करा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मधोमध खरा कळस. पाहायचा तो गुणवत्तेचा आकडा. ताकदीच्या आकड्यात गोंगाटही मोजला जातो, त्यामुळे डिश भलतीकडे असली तरी तो छान दिसतो. नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, कारण एकच नट पूर्ण पिळला की डिश हमखास सरकते. पत्र्याला पोचे पडू देऊ नका. पृष्ठभागात सरासरी दोन मिलिमीटरचा उंचसखलपणा आला तरी सिग्नल जवळपास एक तृतीयांशावर येतो.

बिघाड ओळखायची किल्ली केबलमध्ये आहे. त्याच तारेतून सेट-टॉप बॉक्स एलएनबीला वीज आणि हुकूम दोन्ही पाठवतो. युनिव्हर्सल एलएनबीत १३ व्होल्ट म्हणजे उभ्या लहरी, १८ व्होल्ट म्हणजे आडव्या. सोबत २२ किलोहर्ट्झचा स्वर असेल तर वरचा पट्टा, नसेल तर खालचा. तेव्हा काही ट्रान्सपॉन्डरवरचे चॅनेल पूर्ण गायब आणि बाकीचे ठणठणीत असतील तर आधी डिशला हात लावू नका. आडवे गेले असतील तर लांब किंवा गंजलेल्या केबलमुळे १८ व्होल्ट एलएनबीपर्यंत पोचतच नसणार. सगळेच गेले असतील तर कनेक्टर उघडून बघा, केबलमधल्या तारांच्या जाळीचा एखादा केसाएवढा धागा मधल्या तारेला टेकून शॉर्ट झालेला असतो. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटरच असावी. एलएनबीशी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. नाहीतर ते जाळीतून झिरपत थेट बॉक्सपर्यंत येतं.

वर्षातून दोनदा आकाश निरभ्र असूनही काही दिवस ठरावीक वेळी पाच-दहा मिनिटं चित्र जातं. सूर्य त्या वेळी नेमका उपग्रहाच्या मागे आलेला असतो आणि त्याचा गोंगाट डिशमध्ये ओतला जातो. उत्तर गोलार्धात हे मार्चमधल्या संपाताच्या (दिवस-रात्र समान असण्याच्या दिवसाच्या) आधी आणि सप्टेंबरमधल्या संपातानंतर घडतं, दक्षिणेत उलट. त्या मिनिटांत डिश हलवू नका, वर जाऊन सावल्या पाहा. या वेळी डिशवर ज्या फांदीची सावली पडलेली असेल, तीच उपग्रहाच्या वाटेत आली आहे. कापायची तर तीच.