राष्ट्रपती (भारत) : अधिकार आणि मर्यादा

भारतीय संघराज्याचे घटनात्मक प्रमुख आणि तिन्ही सेनादलांचे सरसेनापती. केंद्राची कार्यकारी सत्ता संविधानाने (अनुच्छेद ५३) राष्ट्रपतींच्या ठायी ठेवली आहे. सरकारचा प्रत्येक आदेश त्यांच्याच नावाने निघतो. प्रत्यक्ष निर्णय मात्र मंत्रिमंडळ घेते. राष्ट्रपतींचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे असेल, ते राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतील, राज्यकारभार करणार नाहीत, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत स्पष्ट केले होते.

निवडणूक अप्रत्यक्ष असते. संसद व विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मतदान करतात. नामनियुक्तांना मत नाही. आमदाराच्या मताचे मूल्य १९७१च्या लोकसंख्येवरून काढतात : महाराष्ट्रात १७५, उत्तर प्रदेशात २०८, सिक्कीममध्ये अवघे ७. भाजपच्या आघाडीत असूनही शिवसेनेने २००७ मध्ये मराठी उमेदवार म्हणून काँग्रेस आघाडीच्या प्रतिभा पाटील यांना मते दिली. त्या या पदावरील पहिल्या महिला.

मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक आहे का, यावर राजेंद्र प्रसादांच्या काळापासून वाद होता. ४२व्या घटनादुरुस्तीने (१९७६) तो बंधनकारक केला. ४४व्या दुरुस्तीने (१९७८) एक फट उघडली : राष्ट्रपती सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात; तोच पुन्हा आला तर मात्र मान्य करावा लागतो. एरवी निमूटपणे सही करणाऱ्या या पदाचे खरे वजन याच फटीत आहे.

के. आर. नारायणन यांनी ते दाखवून दिले. ऑक्टोबर १९९७ मध्ये गुजराल सरकारने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. नारायणन यांनी ती परत पाठवली आणि सरकारने विषय सोडून दिला. पुढच्या वर्षी वाजपेयी सरकारची बिहारविषयीची शिफारसही त्यांनी परत केली. ती १९९९ मध्ये पुन्हा आली तेव्हा त्यांनी सही केली. पण राज्यसभेत बहुमत मिळण्याची शक्यता नसल्याने सरकारलाच ती राजवट मागे घ्यावी लागली. पक्ष वेगवेगळे, राष्ट्रपतींचा निकष एकच, म्हणून या दोन घटना एकत्र वाचाव्यात.

विधेयकाला राष्ट्रपती अनुमती देतात, नाकारतात किंवा, ते धनविधेयक नसेल तर, फेरविचारासाठी परत पाठवतात (अनुच्छेद १११). लाभाच्या पदांविषयीचे विधेयक ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी २००६ मध्ये परत केले. संसदेने तेच पुन्हा मंजूर केल्यावर त्यांना सही करावी लागली. परत पाठवण्याला मुदत नाही, हे झैलसिंग यांनी हेरले. लोकांची पत्रे अडवण्याचा अधिकार सरकारला देणारे १९८६ चे टपाल विधेयक त्यांनी ना मंजूर केले, ना परत पाठवले. नुसते ठेवून दिले. ते कधीच कायदा झाले नाही. घटनादुरुस्ती विधेयकाला मात्र अनुमती द्यावीच लागते, असे २४व्या दुरुस्तीने (१९७१) ठरवले आहे.

वटहुकूम (अनुच्छेद १२३) आणि दयेचे अर्ज (अनुच्छेद ७२) हे अधिकारही सल्ल्यानेच वापरायचे असतात. स्वतःच्या विवेकाला खरा वाव मिळतो तो त्रिशंकू लोकसभेत. १९९६ मध्ये शंकर दयाळ शर्मा यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून वाजपेयींना बोलावले. ते सरकार तेरा दिवसांत गेले. १९९८ मध्ये नारायणन यांनी आधी पाठिंब्याची पत्रे मागितली.

सही किती घाईने होते, हाही या पदाच्या इतिहासाचा भाग आहे. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली, तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकही झाली नव्हती. संमती दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली गेली. म्हणूनच ४४व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक केला. ही अट आणीबाणीपुरतीच. महाराष्ट्रातील राष्ट्रपती राजवट २३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली, तीही मंत्रिमंडळाच्या बैठकीविना; पंतप्रधानांनी कामकाज नियमांतील १२व्या नियमाचा विशेषाधिकार वापरला होता.