नकाशावरच्या रेघेची जाडी

१:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर पेन्सिलीने अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ ओढली, तर जमिनीवर ती २५ मीटर रुंद होते. म्हणजे किनारा दाखवणाऱ्या त्या रेघेखाली एखादा रस्ता आणि घरांची एक ओळ सहज झाकली जाते. संगणकावर नकाशा कितीही मोठा करा, रेघ बारीकच राहते, म्हणून हे विसरायला होतं. पाणथळ जागा, धुपणारा किनारा आणि माती यांचे नकाशे करताना खरी डोकेदुखी या रेघेचीच असते.

किनाऱ्याचंच घ्या. अवरक्त किरण पाणी जवळजवळ सगळे शोषून घेतं, त्यामुळे उपग्रहाच्या चित्रात ते काळं दिसतं आणि वाळू उजळ. दोहोंमधली सीमा संगणक क्षणात काढून देतो. पण ती त्या घटकेची पाणरेषा झाली, किनारा नव्हे. पुळणीचा उतार १:५० धरा. पाण्याची पातळी १ मीटरने चढली की पाणरेषा ५० मीटर आत येते. एक चित्र ओहोटीचं आणि काही वर्षांनंतरचं भरतीचं घेतलंत, तर वाळूचा कणही न हलता ५० मीटर किनारा वाहून गेलेला दिसेल! हे उपग्रह एखाद्या जागेवरून दर खेपेला साधारण त्याच वेळी जातात. भरती मात्र चंद्राचं ऐकते आणि रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. म्हणून प्रत्येक चित्राच्या वेळी पाणी किती उंचीवर होतं ते काढायचं, उताराचा हिशेब लावून सगळ्या रेघा एका ठरावीक पातळीवर आणायच्या, आणि मगच तुलना करायची. तीही एकाच ऋतूतल्या चित्रांची, कारण वादळी लाटा ओढून नेतात त्यातली बरीच वाळू शांत लाटा पुढे परत आणून टाकतात.

एवढं करूनही चूक उरतेच. समजा, दोन्ही रेघा १०-१० मीटर इकडेतिकडे असू शकतात. मग त्यांच्यातल्या अंतरात सुमारे १४ मीटरची अनिश्चितता येते. दोन चित्रांत १० वर्षांचा काळ असेल, तर ही वर्षाला १.४ मीटर झाली. वर्षाकाठी अर्धा मीटर झिजणारा किनारा तिच्यात बुडून जाईल. काळ ५० वर्षांचा असेल, तर तीच अनिश्चितता वर्षाला ०.३ मीटरच्याही खाली येते. जुन्या चित्रांची किंमत इथे कळते. पहिला लँडसॅट हा अमेरिकी उपग्रह १९७२ साली उडाला आणि २००८ पासून या मालिकेचा सगळा साठा फुकट खुला झाला. नव्या उपग्रहांच्या तीक्ष्ण नजरेपेक्षा धुपेच्या अभ्यासाला या म्हाताऱ्या, धूसर चित्रांनी जास्त दिलं, असं माझं मत आहे.

पाणथळ जागेची अडचण वेगळी. ती वर्षातले काही महिने कोरडीठाक असू शकते. पाणी असलं तरी ते लव्हाळ्यांखाली नाहीतर झाडांखाली दडलेलं असतं. पानांवरून परतणारा प्रकाश खालच्या पाण्याबद्दल काहीच सांगत नाही. इथे रडार उपयोगी पडतं. सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या लहरी पानांतून आरपार जातात, पाण्याच्या सपाट पृष्ठभागावर आपटून खोडावर आदळतात आणि थेट आल्या दिशेला परततात. त्यामुळे पाण्यात उभं असलेलं जंगल रडारच्या चित्रात कोरड्या जंगलापेक्षा लख्ख उजळतं.

माती तर वरून दिसतच नाही. दिसतं ते तिच्यावरचं गवत, पीक, डांबर. १९४१ साली मृदाशास्त्रज्ञ हान्स जेनी यांनी हवामान, सजीव, उंचसखलपणा, मूळ खडक आणि काळ अशा पाच घटकांतून माती कशी घडते याची मांडणी केली. आजचे डिजिटल मृदा-नकाशे तोच धागा धरतात. मोजक्या ठिकाणी खणून नमुने घ्यायचे आणि मधल्या जागांची माती या घटकांवरून संगणकाने ताडायची. जगभरच्या मातीचा ‘सॉइलग्रिड्स’ हा नकाशा असाच, २५० मीटरच्या चौकटींचा. तो ताडलेला आहे हे नकाशा रंगीत आणि देखणा झाला की कुणाच्या ध्यानात राहत नाही.

खणण्याला मात्र पर्याय नाही. कोरड्या दिसणाऱ्या कुरणात गिरमिट फिरवून हातभर खालची माती काढा आणि तिचं ढेकूळ मोडून पाहा. आत राखाडी रंग आणि त्यात मुळांच्या वाटांभोवती गंजासारखे तांबूस ठिपके असतील, तर ही जागा पाण्यात बसून राहिलेली आहे. पाणी साचलं की जंतू मातीतला प्राणवायू संपवतात. मग लोह विरघळतं, वाहून जातं आणि माती फिकी पडते. मुळांवाटे हवा पोहोचते तिथे ते पुन्हा गंजतं. चर खणून पाणी काढून टाकलेल्या जागेतही हा रंग पुढे कितीतरी वर्षं टिकतो. त्यामुळे जुन्या पाणथळींचा माग उपग्रहापेक्षा मृदा-नकाशावर लवकर लागतो.

काही वाळूच्या बेटांवर ओहोटीच्या वेळी समुद्राच्या बाजूला, वाळूखालून एक काळपट, चिवट थर डोकं वर काढतो. मोडला की त्यात कुजक्या मुळांचे धागे निघतात. हा चिखल बेटामागच्या संथ, खाऱ्या दलदलीत साठलेला असतो. बेट त्याच्यावरून जमिनीकडे सरकत गेलं आणि मागची दलदल पुढे आली. नकाशात ही जागा पाणथळीच्या रंगात भरायची, मातीच्या की धुपेच्या, हे तिथे ढेकूळ हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसालाच ठरवावं लागतं.