उपवासकाळातील मांसवर्ज्य जेवण (सोलापूर)

राखेच्या बुधवारपासून (ॲश वेन्सडे, या दिवशी चर्चमध्ये कपाळावर राख लावतात) ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात (लेंट) कॅथलिक भाविकाने, त्यातही घरी क्वचितच चूल पेटवणाऱ्याने, मांसाशिवाय जेवणाची केलेली सोय. सोलापूर ज्वारी-शेंगदाण्याचे शहर असल्याने असे जेवण इथे गल्लोगल्ली मिळते. अडचण होते ती वाराची आणि ‘उपवास’ या शब्दाची.

रविवार वगळून हा काळ ४० दिवसांचा. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेनुसार (चर्चच्या कायद्यांचा संग्रह) १४ वर्षे पूर्ण झालेल्यांनी शुक्रवारी मांस टाळायचे; मात्र देशाच्या बिशप परिषदेला मांसाऐवजी दुसरे अन्न किंवा दुसरे प्रायश्चित्त ठरवता येते. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्यांना उपवासही असतो : एक पोटभर जेवण, बाकी दोन वेळा थोडेसे. मोठा सण शुक्रवारी आला तर मांस टाळण्याचे बंधन सुटते. २०२२मध्ये २५ मार्चला, मरियेला देवदूताने दिलेल्या निरोपाच्या सणाला, असेच झाले होते. मासे, अंडी, दूध, दही कधीच वर्ज्य नसतात.

हॉटेलात ‘आज उपवास आहे’ म्हटले, की साबुदाण्याची खिचडी पुढे येते. खायला हरकत नाही, पण गरजही नाही. भाकरी, आमटी, कांदा, लसूण सगळे चालते. ‘मटण-चिकन नको, बाकी काहीही द्या’ हे वाक्य जास्त कामाचे.

दुसरी गोची वाराची. अनेक हिंदू घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार पाळले जातात. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे वार. म्हणजे कचेरीतली मंडळी नेमक्या शुक्रवारी मटणाच्या खानावळीचा बेत आखतात. तिथे अंडाकरी मागवून निभावता येते, मात्र रस्सा कोणत्या पातेल्यातला आहे हे विचारून घ्यावे. १९१७च्या धर्मसंहितेत मांसाचा रस्साही स्पष्टपणे वर्ज्य होता. पोप सहावे पॉल यांच्या १९६६च्या आदेशात रश्श्याचा उल्लेख उरला नाही. तरी मटणाच्या पातेल्यातून डावभर रस्सा घेऊन वर उकडलेले अंडे सोडणे ही पळवाटच म्हणायची.

खरा आधार लिंगायत खानावळींचा. तिथे स्वयंपाकघरात मांस शिरतच नाही, त्यामुळे चौकशीचा प्रश्न मिटतो. ताटात ज्वारीची भाकरी, भरली वांगी किंवा मोडाची उसळ, पालेभाजी, आमटी, भात, ताक आणि कोपऱ्यात शेंगाचटणी. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन आलेल्याला वाढपी ‘कुठल्या देवळातून आलात?’ असे विचारतो, तेवढेच.

खानावळ गाठायचाही कंटाळा असेल, तर कडक भाकरी आहे. ज्वारीची भाकरी पातळ थापून, भाजून, पार वाळवतात. ती पापडासारखी मोडते आणि कोरड्या डब्यात कित्येक दिवस टिकते. बचत गटांच्या बायका ती पुड्यांत भरून विकतात. शेंगाचटणी भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे, मीठ यांची. उखळात कुटलेली असेल तर दाण्यांचे तेल सुटून ती बोटांना चिकटते, मिक्सरमधली भुसभुशीत राहते. तीत दही कालवायचे, भाकरीचा तुकडा मोडून बुडवायचा. वाटी आणि चमचा एवढीच भांडी लागतात. मऊ खायची असेल तर भाकरी गरम आमटीत चुरून दोन मिनिटे थांबावे. गोडाची इच्छा झाली तर शेंगापोळी असतेच. प्रायश्चित्ताच्या दिवशी ती खावी का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

समुद्र लांब असला तरी मासे दुर्मीळ नाहीत. भीमेवरच्या उजनी जलाशयातले चिलापी, रोहू, कटला जिल्ह्यात सर्वत्र येतात. उजनीकाठच्या हॉटेलांतली तळलेली चिलापी नियमात अगदी चोख बसते. तिची चव पाहता तिला त्याग म्हणणे मात्र जड जाते.

गुड फ्रायडेला ऊन तापलेले असते आणि मुख्य उपासना सहसा दुपारी तीनच्या सुमारास असते. ती आटोपून बाहेर पडेपर्यंत खानावळींची दुपारची पंगत उठलेली असते, संध्याकाळची भाकरी अजून तव्यावर पडलेली नसते. त्या दिवशीचे एकमेव पोटभर जेवण मग बहुतेकदा कडक भाकरीच्या डब्यातूनच निघते.