डोंबारी

कोकणातील सडे (जांभ्या दगडाची उघडी पठारे), माळ आणि भातकापणीनंतर मोकळी पडलेली शेते येथे आढळणारा चंडोल कुळातील लहान पक्षी. शास्त्रीय नाव एरेमॉप्टेरिक्स ग्रीसियस. लांबी सुमारे १२ ते १३ सेंमी., म्हणजे घरचिमणीहून किंचित लहान. फक्त भारतीय उपखंडात आढळतो.

नर ओळखायला सोपा. माथा राखाडी, गाल पांढरे. डोळ्यावरचा पट्टा, हनुवटी आणि सगळे पोट काळे. बहुतेक पक्ष्यांची पाठ गडद आणि पोट फिके असते. याचे नेमके उलटे. फसगत होते ती मादीपाशी. ती मातकट तपकिरी, चोचही चिमणीसारखी आखूड व जाड, त्यामुळे अनेक जण तिला चिमणी समजून पुढे जातात. अशा वेळी रंग सोडून चाल पाहावी. चिमणी टुणटुण उड्या मारते. डोंबारी आखूड पायांवर तुरुतुरु धावतो, थबकतो आणि जमिनीला चिकटून बसतो. तारेवर क्वचित दिसेल, झाडावर नाही. त्याच सड्यावरच्या मलबारी चंडोलाला टोकदार तुरा आणि छातीवर रेघा असतात. तिरचिमणीची चोच बारीक, पाय लांब, आणि ती शेपटी खालीवर हलवत राहते.

जांभ्याच्या कातळावर बसलेला डोंबारी चार पावलांवरूनही दिसत नाही. म्हणून आधी कान द्यावा. विणीच्या काळात नर पंख फडफडवत सरळ वर चढतो, पंख मिटून शीळ घालत खाली झेपावतो, त्याच वेगात पुन्हा वर उसळतो. डोंबाऱ्याच्या कसरतींसारखे हे झोके बराच वेळ चालतात. नावही त्यावरूनच पडले. शेवटी तो एखाद्या दगडावर वा ढेकळावर उतरतो. ती जागा ध्यानात ठेवून, सूर्य पाठीशी घेऊन, बसूनच वाट पाहावी. सकाळची वेळ उत्तम. दुपारी तो दगडाच्या सावलीला जातो. हिवाळ्यात थवे करून गवताचे बी टिपताना सापडतो. मुसळधार पाऊस त्याला सोसत नाही, म्हणून पावसाळ्यात कोकणातले सडे धुंडाळण्यात अर्थ नाही.

घरटे म्हणजे गवताच्या ठोंबाआड जमिनीतला वाटीएवढा खळगा, कडेला बारीक खडे, आत दोन-तीन अंडी. नर-मादी दोघेही ती उबवतात. ‘ओसाड’ म्हणून चिरेखाणीला दिलेला कातळ अशा घरट्यांचीच जागा असतो, हे सड्यावर चालणाऱ्याने तरी विसरू नये. एखादी मादी पायाजवळून उठून थोड्याच अंतरावर घुटमळू लागली, तर पुढचे पाऊल टाकण्याआधी खाली पाहावे आणि आल्या वाटेने मागे फिरावे.